बोलका सेट नको म्हटलं तो दिवस

मामंजी, आज माळा आवरताना तुमचा बिनतारी सेट हाती लागला. ॲल्युमिनिअमच्या डब्यात बसवलेला, बाजूला ठोकायची पितळी कळ. कर्जत स्टेशनात तारबाबू म्हणून तुमचा जन्म कट्ट-कडकट्ट करण्यात गेला, तरी निवृत्तीनंतर तुम्ही हौशी रेडिओचा परवाना काढलात आणि घाटात नेता येईल असा सेट हवा म्हणालात. नेरळला तुमच्या ओळखीच्या सुभेदारांकडे दोन सेट विकायला होते. "सूनबाई, तू मॅट्रिक, हिशेबाची पक्की. तूच चल निवडायला." सासऱ्यानं सुनेला असं नेल्याचं आमच्या आळीत तोवर कुणी ऐकलं नव्हतं.

सुभेदारांनी ओटीवर आधी मोठा सेट लावला. त्यात माणसाचं बोलणं येई. पलीकडचा विचारत होता, तुमच्याकडे पाऊस आहे का? तुम्ही हसून म्हणालात, "छान, छान." सुभेदार माझ्याकडे बघू लागले. मला नवल वाटलं नाही. वर्षभर पाहत होते मी, मागून "चहा झाला" म्हटलं तर तुम्ही हलत नसा, हरिपाठात एक अभंग मागे राहत असा. चौकटीवर बोटांनी वाजवलं की मात्र लगेच मान वळे. तुम्ही कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणून मीही नाही. मग त्यांनी हा लहान, नुसत्या ठोक्यांचा, स्कूटरच्या बॅटरीवर चालणारा सेट लावला. ठोके सुरू झाले तसं तुमचं बोट मांडीवर चालू लागलं. "कोलंबोचा शाळामास्तर आहे गं! म्हणतो, यंदा आंबा आलाच नाही." मी म्हटलं, "हाच घ्या. मोठा महाग आहे, शिवाय बॅटरी खातो."

घरी हे भडकले. "बाबांनी जन्मात एक हौस केली, तीही तू पैशात मोजलीस?" मी तांदूळ निवडत राहिले. तुम्हीच म्हणालात, "अरे, तो धोंडा घाटात कोण नेणार होतं? तू?"

घाटातल्या ठाकूरवाडीला झाडावर एरिअलची तार फेकून, गुडघ्यावर डबा घेऊन बसलेले तुम्ही मला अजून दिसता. जप करणाऱ्याच्या बोटांसारखी तुमची बोटं चालतात, एक ठोका वाया नाही. मोळी घेतलेली बाई समोर थांबते. "काय वो बाबा, कुनाशी बोलताय?" तुम्ही तिच्या ओठांकडे बघून शब्द उचलता. "सिलोनशी." "बोलताय कुठं, नुसतं ठोकताय!" "बोलणारी लई हायेत गं बाय. ठोकणारा मीच उरलोय." ती हसत हसत उतरते आणि तुम्ही पुन्हा कळेवर बोट ठेवता.

पैसे होते, मामंजी. मोठ्या सेटला पुरून उरतील एवढे माझ्या कनवटीला होते. देवाला दिवा लावताना खोटं बोलू नये म्हणतात; यांनी त्या संध्याकाळी देवघरात पुन्हा विचारलं, तेव्हाही मी "महाग होता" एवढंच म्हटलं. अजून यांना सांगितलेलं नाही. आणि तुम्ही असता तर हे पत्रही दिलं नसतं, चहा ठेवून चौकटीवर वाजवलं असतं.