दादाची राहिलेली गाडी

४ जानेवारी, शनिवार

आजपासून रोज लिहिणार. मोठं काम हाती घेतलं की नोंद असावी.

काम असं. दादा जाऊन महिना होत आला. आज त्याच्या घरी आवराआवरीला गेलो होतो. वहिनी महिनाअखेरीस लेकीकडे कायमच्या राहायला जाणार, म्हणून घर रिकामं करताहेत. खिडकीपाशी दादाचं टेबल, त्यावर एक उघडा डबा. डब्यावर चित्र: लष्करातल्या बड्या अधिकाऱ्याची जुनी मोटार. हिरवी, पुढे झेंडा, मागच्या सीटवर साहेब. हिला स्टाफ कार म्हणतात. आत प्लॅस्टिकच्या चौकटींना चिकटलेले भाग. कापून सुटे करायचे, जोडायचे, रंगवायचे, की वीतभर गाडी तयार. दादाने नुसती चाकं सुटी करून ठेवली होती.

वहिनी म्हणाल्या, हे कोणाला तरी देऊन टाकू. मी म्हणालो, अजिबात नाही. दादाचं काम अर्धवट राहणार नाही. तुम्ही जायच्या आत पूर्ण करून तुमच्या हातात देतो.

वहिनींनी झाकण लावून डबा माझ्याकडे सरकवला. भरून आलं असणार.

५ जानेवारी, रविवार

वेळापत्रक: पहिला आठवडा जोडणी. दुसरा रंग. तिसरा बारीकसारीक. चौथा मोकळा. जमलं तर दुसरी गाडी.

अवघड काही नाही. मी चष्म्याच्या दुकानात केस पांढरे केलेला माणूस. चष्म्याचा स्क्रू मोहरीएवढा असतो. त्यापुढे ही म्हणजे बैलगाडीच. स्क्रू कारागीर बसवतो हे खरं, मी काउंटरवर असतो. पण बसवताना मी पुष्कळदा पाहिलं आहे.

बायकोने विचारलं, बरं वाटतंय ना. म्हणालो, मला काय धाड भरली आहे. दादाच्या वेळी सगळेच म्हणत होते, धाकट्याने किती धीराने घेतलं. डोळ्यांतून टिपूस नाही. ते रक्तातच असावं लागतं.

७ जानेवारी, मंगळवार

सूचना वाचल्या. म्हणजे पाहिल्या. नुसते बाण आणि आकडे. लहान मुलांसाठी असावं.

वेळ वाचावा म्हणून सगळे भाग एकदमच कापून ताटात काढले. चौकटी कचऱ्यात टाकल्या. मग कळलं की आकडे भागांवर नसतात, चौकटीवर असतात. तोवर कचऱ्याची गाडी गेली होती. हे कंपनीने ठळक अक्षरांत छापायला हवं होतं.

हरकत नाही. अंदाजाने लावू. गाडी ती गाडी. दार दारासारखं दिसतं.

१० जानेवारी, शुक्रवार

सीट बसवली. गोंद उत्तम. इतका उत्तम की सीट उलटी बसली आहे हे लक्षात येईपर्यंत निघेना. आता साहेब मागे पाहत जाणार. बायकोला सांगितलं की शहाणा अधिकारी मागे लक्ष ठेवून असतो. ही बरं म्हणाली.

जेवण पोटभर चाललं आहे. फक्त चव लागत नाही. मीठ कमी पडतंय असं हिला सांगितलं. ही म्हणते मीठ रोजचंच आहे. मिठात भेसळ असेल.

१३ जानेवारी, सोमवार

दुकानात एक आजीबाई आल्या. फ्रेम घालून आरशात पाहिलं आणि मला विचारलं, कशी दिसते. 'छान दिसते' म्हणायचं असतं, वर्षानुवर्षं तेच म्हणत आलोय, पण शब्द आलेच नाहीत. आजीबाई थोडा वेळ थांबल्या. मग फ्रेम काढून ठेवून गेल्या.

मालकांनी आत बोलावलं. म्हणाले, काही दिवस घरी थांबा, घाई नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीची ही कदर. शिवाय गाडीच्या ऐन कामात सुट्टी. याला म्हणतात योग.

१६ जानेवारी, गुरुवार

सुट्टीमुळे कामाला जोर. सकाळी नाश्ता करून टेबलाशी बसलो. बॉनेट हातात घेतलं. ही दिवा लावायला आली तेव्हा कळलं संध्याकाळ झाली. बॉनेट हातातच होतं.

एकाग्रता ती हीच. ही मात्र दारात उभी राहून बघत होती. तिला या छंदातलं कळत नाही.

उद्या बॉनेट नक्की.

१९ जानेवारी, रविवार

बॉनेट बसलं. जरा तिरकं. रस्ताच तिरका धरला तर सरळ दिसतं.

साहेबांचं डोकं हरवलं. धड आणि डोकं वेगळं येतं. चिमट्यातून सुटलं आणि गेलं. कपाटाखाली, पायपुसण्याखाली, चपलांत, सगळीकडे पाहिलं. एक बटण मिळालं. डोकं नाही.

धड मात्र ताठ बसलं आहे. छातीवर पदकं, मांडीवर हात. लांबून काही कळत नाही.

२२ जानेवारी, बुधवार

रंग आणला. दुकानदाराने शिकवायला सुरुवात केली: आधी अस्तराचा हात, मग पातळ रंग, मग वाळू द्या, मग पुन्हा पातळ. पातळ-पातळ करत बसायला मी काय दूधवाला आहे. एकच हात मारला, पण सणसणीत.

परिणाम भारदस्त. दारांच्या फटी बुजल्या, त्यामुळे दारं चुकीची लागली होती तेही झाकलं गेलं. काचाही हिरव्या झाल्या. युद्धात काचा झाकतच असतील. छतावर माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला आहे. पुसायला गेलो तर शेजारी दुसरा उमटला.

दुपारी वहिनींचा फोन आला. हाताला रंग होता म्हणून घेतला नाही. ही म्हणाली, हात तर कोरडे आहेत. म्हटलं, आत ओले असतात. ही म्हणते एकदा जाऊन नुसतं बसा त्यांच्यापाशी. काम झाल्यावर जाईन. रिकाम्या हाताने जाऊन बोलायचं काय?

२५ जानेवारी, शनिवार

चाकं बसली. तीन जमिनीला टेकतात, चौथं हवेत. कागदाची घडी घातली तर डगमगत नाही. फिरत मात्र एकही नाही. शोभेच्या गाडीला कुठे जायचंय.

झेंड्याचं चित्र पाण्यात भिजवून चिकटवायचं असतं. भिजवलं. ते माझ्या अंगठ्याला चिकटलं. गाडीला चिकटेना. शेवटी झेंडा रद्द केला. साहेब गुप्तपणे चालले आहेत असं समजायचं.

थोडक्यात, गाडी पूर्ण. दिलेल्या मुदतीत. दादाने पाठीवर थाप मारली असती.

३० जानेवारी, गुरुवार

दुपारी गाडी बुटांच्या खोक्यात घालून वहिनींकडे गेलो. घर रिकामं. भिंतींवर फोटोंच्या जागी फिकट चौकोन. टेबलही गेलेलं. वहिनी एका पेटाऱ्यावर बसल्या, मला खुर्ची दिली. मी गाडी त्यांच्या हातात ठेवली आणि म्हणालो, अगदी दादाच्या हातची नसेल, पण त्याचं राहिलेलं काम पुरं झालं.

वहिनींनी गाडी फिरवून फिरवून पाहिली. साहेबांच्या मानेवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "भावोजी, ही तुम्हीच दिली होती त्यांना. रिटायर झाले तेव्हा."

मी म्हणालो, हो हो, म्हणजे काय.

"गाड्या त्यांना कधी आवडल्या नाहीत. जहाजं करायचे ते, शिडाची. हा डबा कपाटातच होता. दवाखान्यातून घरी आले आणि म्हणाले, धाकटा येईल, त्याला वाईट वाटायला नको, चार चाकं तरी सुटी करून ठेवतो. एवढं करूनच दमले."

मी गेलो होतो तेव्हा. त्याच टेबलाशी बसून चहा प्यायलो होतो. गाडी लावायला जागा मिळत नाही, रस्ते खोदून ठेवलेत, असं बरंच बोललो. दादा हसत ऐकत होता. टेबलाकडे मी पाहिलं नाही.

आणि जहाजं. त्यांच्या बैठकीच्या खोलीत काचेच्या कपाटात ती कायमची. मला वाटायचं विकत आणलेली आहेत. बघू का एकदा, असं विचारलं. वहिनी म्हणाल्या, कालच बांधून लेकीकडे गेली.

गाडी त्यांनी परत खोक्यात ठेवली. म्हणाल्या, ही तुमच्याकडे असू दे. तुम्ही केलीत ना.

घरी येऊन हिला विचारलं, दादाला तो डबा आपण दिला होता? ही म्हणाली, मीच आणला होता. तुम्ही फक्त देताना शेजारी उभे होतात. मग इतके दिवस बोलली का नाहीस, असं विचारलं.

ही म्हणाली, "काहीतरी करत तरी होतात."

३१ जानेवारी, शुक्रवार

वहिनी सकाळी गेल्या. निरोप द्यायला गेलो होतो. सामान चढवलं. जावयाला रस्ता नीट समजावून सांगितला, त्याला तो माहीत होता. गाडी वळेपर्यंत हात हलवला. वळल्यावरही थोडा वेळ हलवला.

घरी आलो. न्हाणीघरात गेलो, नळ सोडला, आणि कडी लावून पाटावर बसलो. बराच वेळ बसलो. हिने दार वाजवलं नाही.

पाणी फार वाया गेलं. उद्यापासून लक्ष ठेवणार.