पाटावरची किल्ली

अर्विंग, टेक्सस
८ सप्टेंबर २०२५

ती. विनीताताईंना राधिकेचा सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका, अंगानं सगळे धडधाकट आहोत. फोनवर बोलायची सोय उरली नाही म्हणून लिहिते आहे. शंतनू आता दिवसभर घरीच असतो आणि आमच्या घरात एका टोकाला कुजबुजलं तरी दुसऱ्या टोकाला ऐकू जातं. व्हॉट्सॲपवर असलं काही लिहायला हात धजत नाही. मी काम करते त्या दातांच्या दवाखान्यात काउंटरवर पेशंट नसले की चार ओळी लिहिते. तुमचं उत्तरही इथेच, दवाखान्याच्या पत्त्यावर पाठवा.

तुमच्या भावाचे छंद तुम्हाला ठाऊक आहेतच. अर्विंग सोडून तासाभरावर ही जागा घेतली तेव्हापासून आमचा सॉफ्टवेअरवाला पक्का टेक्सन झाला. ट्रकचं ऑइल स्वतः बदलायचं, विहिरीचा पंप स्वतः उघडायचा, रविवारी शेजारच्या वेनबरोबर बंदुका खोलून तेलपाणी करायचं. २०२१च्या बर्फाच्या हिवाळ्यात वीज गेली आणि सगळ्या रस्त्याचे फोन आमच्या जनरेटरवर चार्ज झाले, मग तर विचारायलाच नको! टोमॅटो, मिरच्या, भोपळा, सगळं बरण्यांत बंद. मी चिडवायचे, की जगबुडी आली तर आपल्याकडे पाहुणे फार येतील. तो म्हणायचा, येऊ देत, मेथांबाही भरपूर केलाय.

मार्चमध्ये नोकरी गेली. पहिले दोन महिने त्यानं घर डोक्यावर घेतलं, कुंपण दुरुस्त केलं, छपराचे पत्रे बदलले. मग एकेक सुटत गेलं. यंदाचे टोमॅटो झाडावरच सडले. ट्रकवर बोटानं नाव लिहिता येईल इतकी धूळ आहे. वेन दोनदा येऊन दारातून परत गेला. एकच काम तो रोज करतो. पिस्तूल काढतो, पुसतो, परत ठेवतो. ते गेल्या कित्येक दिवसांत झाडलेलं नाही ताई, त्यात पुसण्यासारखं काही नाही.

परवा भांडी घासता घासता म्हणाला, माझा लाइफ इन्शुरन्स अजून चालू आहे, तुझं आणि रुहीचं माझ्याशिवाय जास्त नीट होईल. जेवणात मीठ कमी आहे म्हणावं तसं म्हणाला. मी पार्किंगमध्ये गाडीत बसून हेल्पलाइनला फोन केला. त्या बाई म्हणाल्या, आधी त्याच्यात आणि बंदुकांमध्ये अंतर पडू दे. ते कसं पाडू? बंदुकांच्या तिजोरीची किल्ली त्याच्या खिशात असते. डॉक्टरांचं नाव काढलं तर हसतो. पोलिसांचं नाव काढलं तर माणूस कायमचा तुटेल अशी भीती वाटते. रुही ऑस्टिनला कॉलेजात, तिला अजून काही सांगितलेलं नाही. मला काही सुचत नाही हो.

लोभ आहे तो असाच राहू द्या, इकडे त्याची फार गरज आहे.

तुमची
राधिका


एडिसन, न्यू जर्सी
१३ सप्टेंबर २०२५

चि. सौ. राधिकेस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि उठून उभी राहिले, वॉकर घ्यायचंसुद्धा विसरले. नवीन गुडघ्यानं लगेच आठवण करून दिली. डॉक्टर म्हणतात, नोव्हेंबरपर्यंत विमानाचं नावही काढायचं नाही. माझा एकुलता एक भाऊ तिकडे असा बसलाय आणि मी इकडे दिवसातून तीनदा पाय वाकवतेय. असला संताप येतो की काय सांगू!

तुझ्याबद्दल काही न बोलता मी त्याला फोन केला. त्यानं मलाच गुडघ्याचे व्यायाम शिकवले, ओक ट्री रोडवरच्या सगळ्या मिठायांची चौकशी केली आणि हसत फोन ठेवला. इतकं छान बोलला की मी फोन ठेवल्यावर रडले. लहानपणी ताप लपवायचा तेव्हा असाच गोड बोलायचा.

खंडेनवमी जवळ आली आहे. त्यावरून एक सुचतंय, पटतं का बघ. नागपूरला आमच्याकडे त्या दिवशी बाबांचे पान्हे, आईचं शिलाई मशीन, विळी, अडकित्ता, सगळं पाटावर मांडून पूजा व्हायची. पूजेतली वस्तू उत्तरपूजा होईपर्यंत हलवायची नाही. दुसऱ्या दिवशी घरातल्या मोठ्या माणसानं अक्षता टाकून ती हलवायची आणि मग वापरायची. एका वर्षी शंत्याची कोरी सायकल पूजेत होती आणि बाबांना अचानक गावाला जावं लागलं. आई म्हणाली, मी टाकते अक्षता. पण हा हट्टाला पेटला, बाबा येईपर्यंत हलवायची नाही. बाबा आठवड्यानं आले. तोवर हा शाळेत पायी गेला, सायकलकडे बघून डोळे पुसत गेला, पण हात लावला नाही. असा आहे तो.

आता आई-बाबा नाहीत. मोठी मीच. मी त्याला वेगळं पत्र लिहिते. तुला यातलं काही माहीत नाही असंच दाखव. हा काही उपाय नव्हे राधिका, नुसता आडोसा आहे, मला ठाऊक आहे. तू डॉक्टरांचं सोडू नकोस. आणि रुहीला सांग, पोर मोठी झाली आहे.

पाठीवर हात फिरवायला मी तिथे नाही, म्हणून कागदावरूनच फिरवते.

तुझी
विनीताताई


एडिसन
२० सप्टेंबर २०२५

चि. शंतनूस अ. उ. आ.

काय रे टेक्सन, बहिणीचा गुडघा बदलला तरी भेटायला येववत नाही ना? असो. तुझा ट्रक धुळीनं माखला असणार, पैज लावते. आईनं पाहिलं असतं तर तुला आधी धुतलं असतं, मग ट्रकला.

खंडेनवमी आली. तुझ्या घरात शस्त्रं आहेत आणि एकदाही त्यांची पूजा झालेली नाही, हे माझ्या परवा लक्षात आलं आणि मला झोप लागेना. हसू नकोस. यंदा नीट कर. ट्रक धू, हार घाल. बंदुका रिकाम्या करून हळदकुंकू वाहा. मग त्या उघड्यावर ठेवू नकोस, तिजोरीत बंद कर आणि सगळ्या हत्यारांच्या वतीनं किल्ली पाटावर मांड. पिस्तूलसुद्धा आत.

आता नियम ऐक. घरात मोठी मी आहे, तेव्हा उत्तरपूजा माझ्या हातची. डॉक्टरांनी सोडलं की येते आणि अक्षता टाकते. तोवर पाटावरची किल्ली कुणी हलवायची नाही, तू नाही आणि राधिकानंही नाही. सायकलीची आठवण आहे ना? तुला सांगायला नको.

जेवत जा रे. फोनवर गोड बोलत जाऊ नकोस, मला ते कळतं.

तुझीच
ताई


टेक्सस
२ ऑक्टोबर २०२५, दसरा

ती. ताईस सा. न. वि. वि.

आज्ञेप्रमाणे सगळं केलं. अर्विंगला जाऊन झेंडू आणले, ट्रक धुतला. धुतल्यावर दारावर एक पोचा सापडला, तो धुळीत बरा झाकला होता. वेन आला होता. त्यानं आधी विचारलं, कुणाचा वाढदिवस आहे का. मी सांगितलं, हत्यारांचा. त्यानं टोपी काढली आणि आरती संपेपर्यंत हात पुढे बांधून उभा राहिला. राधिकानं त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, ते तसंच घेऊन तो दुकानात गेला.

बंदुकीला हळद चिकटत नाही, तेलावरून घसरते. तरी लावली. सगळं आत ठेवून कुलूप घातलं आणि किल्ली पाटावर ठेवली. आईसारखी रांगोळी काही जमली नाही.

बरं वाटलं का, असं विचारशील. ट्रक धुताना वाटलं. नंतर परत होतं तसंच झालं. सकाळी उठावंसं वाटत नाही आणि उठलो की काय करायचं ते कळत नाही. पण तुझ्यासाठी पाटाजवळचा दिवा रोज लावणार आहे.

तू कधी येतेस?

तुझ्या धाकात आणि मायेत राहू इच्छिणारा
शंतनू


टेक्सस
१८ ऑक्टोबर २०२५, धनत्रयोदशी

ती. विनीताताईंना सा. न. वि. वि.

तुमचा फोन लागत नाही, बहुतेक व्यायामाच्या वर्गात असाल. गॅरेजमध्ये बसून लिहिते आहे. हात कशात तरी गुंतवायला हवेत, नाहीतर मी ओरडत सुटेन.

गेले पंधरा-सोळा दिवस तुमचा नियम चालला. तो रोज पाटासमोर खुर्ची टाकून बसायचा. किल्लीकडे बघायचा, पण हात लावायचा नाही. रोज विचारायचा, ताई कधी येणार म्हणाली. किल्ली उचलून पर्समध्ये टाकावी असं मला हजारदा वाटलं. पण मग पूजेतलं हलवायचं नाही हा नियम मीच मोडला असता, आणि तेवढा एक नियमच तर आपल्या हातात होता. जिवाचं काही करायचं मनात आहे का, असं मी त्याला सरळ विचारलंसुद्धा नाही. विचारलं आणि तो हो म्हणाला तर काय करू, याचीच भीती वाटली.

आज सकाळी पणत्या आणि धणे-गूळ आणायला गेले. अर्ध्या वाटेवरून राहवेना म्हणून परत आले. पाट रिकामा. अक्षता जमिनीवर सांडलेल्या. तिजोरी उघडी, आत काही नाही. ट्रक नाही. त्याचा फोन स्वयंपाकघरात पडलाय. वेन उचलत नाही. पोलिसांना कळवलं, ते म्हणाले घरीच थांबा, गाडी शोधतो. घरीच थांबा! ताई, मी इथे थांबले आहे आणि तो कुठल्या रस्त्यावर आहे मला माहीत नाही. तुमच्या नियमावर विसंबून मी सकाळी घराबाहेर कशी पडले? त्याला आवडते म्हणून गॅलनभर दुधाची बासुंदी करायची होती

कुणाचा तरी ट्रक वळतोय


टेक्सस
१९ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस सा. न. वि. वि.

राधिकेचं अर्धं पत्र सोबत पाठवतोय. ती फाडत होती, मी फाडू दिलं नाही. काल फोनवर तू नुसती रडत होतीस आणि मला बोलता येत नव्हतं, म्हणून लिहितो.

मी पूजेतली वस्तू हलवली. आधी ते सांगतो.

तुझा डाव मला पहिल्याच दिवशी कळला होता. उत्तरपूजेला बहिणीच्या गुडघ्याची वाट बघायची, असं आईनं कधी सांगितलं होतं? पण तू इतकं सगळं रचलंस, आपल्या सायकलीपर्यंत मागे गेलीस, म्हणून मी गप्प बसलो. मोडवेना. रोज खुर्ची टाकून बसायचो आणि स्वतःला सांगायचो, ताई येईपर्यंत नाही. पुढे पुढे तेवढंच सांगता यायला लागलं.

काल राधिकेची गाडी गेटबाहेर गेली आणि मी किल्ली उचलली. कशासाठी, ते तुला लिहीत नाही. तुला ठाऊक आहे.

किल्लीला अक्षता चिकटल्या होत्या. कुंकू ओलं असताना किल्ली मांडली होती ना, त्या वाळून घट्ट बसल्या होत्या. कुलपात किल्ली जाईना. मी नखानं तांदळाचा एकेक दाणा सोडवत बसलो. सोडवता सोडवता आपले हात काय करतायत ते दिसलं आणि मला माझीच भीती वाटली. आजवर वाटली नव्हती ताई, तोवर नुसतं रिकामं वाटायचं. तिजोरी उघडली, सगळं ट्रकमध्ये भरलं आणि वेनकडे गेलो. फोन घ्यायचं भानच राहिलं नाही.

तो शेडमध्ये करवतीला धार लावत होता, म्हणून त्याला फोन ऐकू गेला नव्हता. मी म्हटलं, हे तुझ्याकडे ठेव. त्यानं करवत खाली ठेवली. आपल्या तिजोरीतलं सामान सरकवून जागा केली, माझं सगळं आत ठेवलं. मग म्हणाला, इथे याआधीही वाईट दिवसांत मित्रांच्या बंदुका राहून गेल्यात, कुणाला त्याचं काही वाटत नाही. परत कुणाला द्यायचं तेवढं सांग. मी सांगितलं, ही पूजेतली हत्यारं आहेत, माझी मोठी बहीण येऊन अक्षता टाकेपर्यंत कुणालाही द्यायची नाहीत. मी स्वतः मागायला आलो तरी नाहीत. तो म्हणाला, समजलं. मग मला बाजूला बसवून माझाच ट्रक चालवत घरी घेऊन आला. राधिका दारात होती. तिच्याकडे बघवत नव्हतं.

रुहीला काल आम्ही दोघांनी मिळून सांगितलं. ती रात्रीच निघून आली. उद्या ती आणि राधिका मला डॉक्टरांकडे नेतायत. मी जाईन म्हटलंय. बरं वाटेल की नाही ते माहीत नाही. आज तर हे पत्र लिहितानासुद्धा मधे दोनदा झोपावं लागलं. जो माणूस कुणाच्या मदतीशिवाय सगळं करायचा म्हणून मिरवत होता, त्याला आज बायको हाताला धरून जेवायला बसवते. मी बसतो.

नोव्हेंबरमध्ये तुला डॉक्टर सोडतील ना? ये. विमानतळावर घ्यायला आम्ही येऊ, ट्रक राधिका चालवेल. मेथांब्याची बरणी तुझ्यासाठी बाजूला ठेवलीय. पुष्कळ दिवस राहा.

पण ताई, येताना अक्षता आणू नकोस.

तुझा
शंतनू