बायोडेट्यातले गाल

८ मार्च, रविवार. धुळे
श्री मागाहून लिहीन, आधी राग. नात माझी पूनम काल पार्लरला गेली आणि गांधीलमाश्या चावल्यासारखं तोंड घेऊन आली. ओठ हे एवढे. गाल वर चढलेले, डोळे आत गेलेले. मी ओट्यावर गहू पाखडत होते. वाटलं कोणी पाहुणी आली. म्हटलं बस बाई, पाणी देते. तर म्हणे, "आजी, मीच आहे."
सूप पडलं हातातून. "हाई काय करी उनी वं तू?"
म्हणे फिलर. सुईनं औषध घालतात, गाल भरतात, ओठ भरतात. गादी भरतात तसं. गादीवाला तरी आधी कापूस दाखवतो.
सून सुनंदा रडते आहे. मुलगा प्रकाश, म्हणजे पू.चा बाप, पेपर तोंडासमोर धरून बसला. दोन तास एकच पान.

९ मार्च
कळलं. रावेरवाल्यांसाठी केलं. केळीवाले लोक, मुलगा हर्षल, बोलणी होत आलेली. बघून गेले तेव्हा मुलाच्या आईनं उंबऱ्यात चप्पल घालता घालता म्हटलं होतं, "फोटोत गाल भरलेले दिसत होते हो." मला वाटलं पोरगी वाळली म्हणतात. तूप वाढवलं मी. पू.नं मात्र ते मनात धरलं.
बायोडेटा काढून बघितला. त्यातली बाई आमच्या घरची नाही. नाक सरळ, ओठ फुगीर, डाव्या गालाचा खड्डा गायब. लहानपणी गालात गळू झालं होतं, डॉक्टरनं फोडलं, तेव्हापासूनचा तो खड्डा. आंधळीनं हात फिरवला तरी सांगेल ही पू. आहे.
प्रकाशला विचारलं. "स्टुडिओवाल्याला म्हटलं थोडं नीट कर. सगळेच करतात आई."
आणि पू.नं पार्लरवालीला तोच फोटो दाखवला. म्हणे, असं करून द्या. तिनं करून दिलं. बापानं खोटं तोंड छापलं, लेकीनं ते सुईनं आत घालून घेतलं. छान.

११ मार्च
पार्लरला गेले. एकटी. बाहेर पाटी, नॅचरल लुक. आत ती, चेहरा ताणलेला, भुवया कपाळात.
"मावशी, सूज उतरेल. मग एकदम नॅचरल दिसेल."
"तू डॉक्टर का?"
"कोर्स केलाय. सुरतला."
"सुरतला मीपण गेले होते. साडी आणली, साडीचं दुकान नाही टाकलं."
कोणतं औषध घातलं, डबी दाखव म्हटलं. डबी टाकून दिली म्हणे. बाहेर एक बाई नंबर लावून बसलेली. तिला म्हटलं घरी जा. नाही गेली. मोबाईलमध्ये स्वतःचे ओठ बघत होती.
घरी पू. पाणी प्यायला गेली तर ओघळ हनुवटीवर. हसता येत नाही. ओठाच्या कोपऱ्यात मसुरीच्या दाण्याएवढी गाठ. आता घाबरली. घाबर.

१२ मार्च, गुरुवार. जळगाव
सकाळची एसटी. पारोळ्याला गाडी उगाच थांबून राहिली. पू. स्कार्फ बांधून, नुसते डोळे बाहेर. इकडे सगळ्याच पोरी तशा बांधतात, तेवढं बरं.
कातडीच्या डॉ. बाईंकडे. गाठ दाबली, विचारलं, कधी केलं, कातडी पांढरी-निळी पडली होती का, फार दुखलं का, डोळ्याला कमी दिसलं का. नाही म्हटल्यावर पू.लाच झापलं. "तसं झालं असतं तर त्याच तासाला पळत यायचं होतं. रक्त अडलं की कातडी मरते. डोळाही जातो." डोळा! गालाच्या पायी!
मग म्हणाल्या, आधीचा फोटो दाखव. पू.नं मोबाईल काढला. एकात मांजराचे कान. एकात कातडी पिठासारखी. मग तो स्टुडिओचा. डॉ. बाई म्हणाल्या, "खरा एकही नाही?"
शेवटी आधार कार्ड काढलं. त्यात पू. मंगळसूत्र पळवताना पकडल्यासारखी दिसते. पण खड्डा आहे. डॉ. बाई म्हणाल्या, "हा चालेल."
आधी हातावर टोचून बघितलं, मग ओठात, गालात. घातलेलं विरघळवायचं औषध. म्हणजे सुईवर सुई. मी भिंतीकडे बघून पार्लरवालीला शिव्या घातल्या, मनात. सगळ्या मनात राहिल्या नसतील. नर्स हसली.

२० मार्च
काल पाडवा झाला. सूज गेली. गाठ गेली. पू. पुन्हा पू. म्हटलं विषय संपला.
कुठला संपतो. म्हणते, "आजी, डावा खड्डा थोडा भरायचाच आहे मला. त्याच डॉक्टरीणबाईंकडे. रावेरसाठी नाही."
"मग कोणासाठी?"
"कॉलेजात तीन वर्षं डावी बाजू भिंतीकडे करून बसले मी. तू बघितलंस का?"
नाही बघितलं. कॉलेजात कशी बघणार. तरी दोन दिवस बोलायची नाही मी तिच्याशी.

२ एप्रिल, गुरुवार. जळगाव
नजर ठेवायला सोबत गेले. डॉ. बाईंनी सुई हातात घ्यायच्या आधी पू.ला हसवलं, बोलायला लावलं, बिस्कीट खायला लावलं. म्हणाल्या, "तोंड गप्प असताना कोणीही भरेल. हलतं तेव्हा कसं दिसतं ते बघायचं." ओठांना हात लावला नाही. खड्ड्यात थोडं घातलं, बोटानं दाबलं, आरसा दिला, सुई ठेवली.
माझ्याच तोंडून गेलं, "झालं? एवढंच?"
"आजी, अजून थोडं हवं असं वाटतं ना, तिथंच थांबायचं. लागलं तर महिन्यानं बघू."
खड्डा बुजवला नाही. काठ तेवढा नरम झाला. माझी भाकरीपण अशीच, जास्त थापली की फाटते. पण हे पू.ला सांगितलं नाही, डोक्यावर बसेल.

६ एप्रिल
शेजारची शालूबाई विरजण मागायला आली. ही बाई कोणाच्या दारी नवी बादली आली ते रस्त्यावरून ओळखते. पू.कडे टक लावून बघितलं.
"काय वं पूनम, झोप चांगली व्हयनी वाटस तुनी."
बस. विरजण घेऊन गेली. शालूबाईला कळलं नाही म्हणजे देवालाही कळणार नाही.

१२ एप्रिल, रविवार
रावेरवाले आले. मुलगा, आई, मामा. तारीख ठरवायला म्हणून.
आईनं मोबाईल काढला, बायोडेट्यातला फोटो मोठा केला आणि पू.च्या तोंडाशेजारी धरला. माझ्या घरात! कापड जुळवतात तसं!
"जरा अजून भरून घ्या ना. आमच्या ओळखीचे आहेत एक. सगळ्या नातेवाइकांना हाच फोटो गेलाय. लग्नात वेगळी दिसायला नको."
मी म्हटलं, "बाई, पावडर मारून पिकवलेली केळी तुम्ही खाता का घरी?"
"खात नाही आक्का. पण बाजारात रंगच बघतात."
उत्तर चोख होतं. त्याचाच जास्त राग आला.
हर्षल ताटात बघत शेव वेचत होता. मामा म्हणे काय ती किरकोळ गोष्ट. आणि आमचा प्रकाश! मान हलवली त्यानं! "बघू, करून घेऊ."
ते गेल्यावर धरला त्याला. "मान कोणाची हलवलीस? तुझ्या गालात सुई घालणारेत का?"
"स्थळ चांगलं आहे आई."
"घर, बाग, बठ्ठं चांगलं शे. पोरगी तेवढी वाईट शे ना?"
जेवला नाही. नको जेवू.

१५ एप्रिल
पू.नं भर उन्हात अंगणात उभं राहून स्वतःचा फोटो काढला. मांजराचे कान नाहीत, पीठ नाही. अर्धा खड्डा स्पष्ट. हर्षलला पाठवला. खाली लिहिलं, मला वाचून दाखवलं: "मी अशी आहे. याहून जास्त भरणार नाही. तुम्हाला चालेल का, ते तुम्ही सांगा."
निळ्या खुणा आल्या. म्हणजे बघितला. उत्तर नाही.

१६ एप्रिल
उत्तर आलं, पण कोणाचं? हर्षलच्या आईचा फोन सुनंदाला. "तो बागेत आहे, ट्रक भरायचे आहेत. आम्ही विचार करून कळवतो." मग मामाचा फोन प्रकाशला. पोरीनं असं परस्पर लिहायला नको होतं म्हणे. प्रकाश हो हो करत होता. मी मोबाईल ओढून घेतला, पण बंद कसा करतात ते येईना. माझं तोंड चालूच होतं, मामानं ऐकायचं ते ऐकलं.
पू. मोबाईल लेकरासारखा ओढणीत धरून फिरते. विचारलं, "पाहिजे का तो हर्षल तुला?" म्हणे, "बोलला असता तर सांगता आलं असतं."

१८ एप्रिल, शनिवार
उद्या आखाजी, अक्षय्य तृतीया. मांड्यांची कणीक भिजवायची आहे, आंबे पिळायचे आहेत. मांडे भाजायचं खापर घासून ठेवलं. पू. पुरण वाटते आहे, तोंड हलतं आहे, गालावर गूळ लागला आहे. बरी दिसते. सांगणार नाही.
रावेरचा फोन दोनदा वाजून गेला. नाव आईचं.
हे पान उद्या जेवणाच्या आधी सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवणार आहे, प्रकाशला दोनदा. आईचा फोन आला तर सणाचं बोला, आंबे कसे निघाले विचारा आणि ठेवा. मामाचा आला तर उचलूच नका. प्रश्न मुलाला विचारलाय. उत्तर हर्षलनंच द्यायचं, आणि पूनमलाच द्यायचं. मधे कोणी हात घातला तर खापर गरम आहे.