जो गप्प आहे, त्याच्याकडे आधी

रविवार, संध्याकाळ

नात अमरावतीला आपत्ती व्यवस्थापनाचं एम.ए. करते. आज घरी आली आणि दुपारी जेवताना मलाच शिकवू लागली. "आबा, जो ओरडून राहिला त्याचा श्वास चालू हाय. जो गप्प हाय, त्याच्याकडे पयले जा लागते."

मी हातातला घास ताटात ठेवला. अकोट रस्त्यावर आमचा झेंडूचा टेम्पो उलटला, तेव्हा हिचा बाप आठ वर्षांचा होता. हात मोडला म्हणून ओरडत होता. मी त्यालाच उचलून दवाखान्यात धावलो. त्याची आई लिंबाखाली गप्प बसली होती. मला वाटलं, हिला काही लागलं नाही. गप्प होती ना. परत आलो तेव्हा ती गेलेली. मी सातवी शिकलेला, मला कुठून कळणार?

"तुमी असते त कोणाकडे गेले असते?" नातीनं विचारलं.

"गप्प असंल त्याच्याकडे," मी म्हणालो.

"पास! माहा पेपर तुमीच द्या आबा. बाबा, तुमी सांगा?"

"मले नाई माईत," म्हणत मुलगा अर्ध्या ताटावरून उठला.

त्याला सगळं आठवतं की काय? इतक्या वर्षांत त्याने शब्द काढला नाही, मीही विचारलं नाही. दुपारपासून ओट्यावर एकटाच बसला आहे. हे लिहून झालं की जातो त्याच्याजवळ. पण जाऊन बोलू काय?