ते नाव कुणी पाडलं

प्रिय ताई,

सकाळपासून हात ठिकाणावर नाही. दातांच्या लॅबमध्ये मेणाचा एकच दात तीनदा मोडला, तेव्हा मालक म्हणाले, "घरी जा बाबा, नाहीतर कुणाला सुळ्याच्या जागी दाढ बसवशील." घरी आलो, तर दोन ओळी लिहितो न लिहितो तोच उठून फेऱ्या मारतोय.

तुझी भाची पाचवीत गेली. मी बाबांसारखा गोरा निघालो, तू आईसारखी काळी, कुरळ्या केसांची. हिनं मला वगळून थेट तुलाच गाठलंय. सोमवारी शाळेतून आली आणि दप्तर न उतरवताच विचारलं, "बाबा, भेसळ म्हणजे काय?" म्हटलं, दुधात पाणी घालतात ती. "मग मला का म्हणतात?"

दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो. बाई हसून म्हणाल्या, "अहो, मुलं ती, चिडवणारच. भेसळ, मिक्स, कबरी, काही ना काही चालूच असतं." मी नमस्कार केला आणि तसाच परत आलो.

तुला आपली शाळा आठवत असेलच. 'कबरी' आधीपासून होतं. मग 'अर्धभाजी' आलं: आई काळी, बाप गोरा, म्हणजे पोरगी भट्टीतून अर्धवट भाजून काढलेली. आठवडाभरात सगळी शाळा तेच म्हणू लागली. तू पोस्टमनच्या मुलाच्या डोक्यात कंपासपेटी घातलीस. त्याला तीन टाके पडले, तुझं नाव शाळेतून कमी झालं आणि तू शिवणाच्या क्लासला गेलीस. तो रडत सांगत होता, "हे नाव मी नाही पाडलं." कुणी ऐकलं नाही.

ताई, ते मी पाडलं होतं. मुलांनी मला घेरलं होतं, "तूही तिच्यातलाच ना?" म्हणून. हसवलं की सोडतील असं वाटलं. मुलं हसली, मला सोडलं. तुझं दप्तर घरी आलं त्या दिवशीही मी गप्प राहिलो, आणि पुढे सव्वीस वर्षं गप्पच.

काल हे सगळं लेकीला सांगितलं. ती भरल्या ताटावरून उठली. "आत्याला माहीत आहे?" नाही म्हटलं. "मग आधी तिला सांग. तोवर माझ्याशी बोलू नकोस." आज टेबलावर पाकीट ठेवून शाळेत गेली आहे. तुझा पत्ता तिनंच लिहिलाय, तिकीटही लावलंय. मला फक्त आत कागद घालायचा आहे.

तुझाच,
धाकटा