मॅडमनी नाव विचारलं
गुरुवार, संध्याकाळ. धाहरान, सौदी अरेबिया

मेडिकलच्या अर्जाला शिफारसपत्र हवं, म्हणून आज शेवटी बायॉलॉजीच्या मॅडमकडे गेले. त्या हसून म्हणाल्या, "बेटा, नाम क्या है तुम्हारा?" दोन वर्षं त्यांच्या वर्गात आहे मी! नाव इतकं हळू सांगितलं की त्यांना पुन्हा विचारावं लागलं. "तुम्हारे बारे में क्या लिखूँ?" त्यांच्याच विषयात पहिली येते, एवढंही का नाही बोलले? "सॉरी मॅम," म्हणून निघून आले. माझं नाव विचारलं त्यांनी!

गाडीत बाबांनी विचारलं, "मिळालं का गं पत्र?"

"मॅडम आल्याच नव्हत्या."

उद्या-परवा इथली शुक्रवार-शनिवारची सुट्टी, शाळा बंद आणि मुदत शनिवारची. बाबा घरापर्यंत मॅडमना बोल लावत राहिले. मी लावू दिले.