ताटातली पृथ्वी

आबा, पृथ्वी गोल आहे. हे तुम्हाला तीस वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं, आज लिहिते आहे.

भूकंपानंतरचे ते दिवस. भिंतीला भेग गेली म्हणून आईनं चूल अंगणात मांडली होती आणि उजनीच्या पाण्यावरची मोटर बंद करून तुम्ही जेवायला बसला होतात. मी नववीत. जमीन हलते कशी, हे तुम्ही विचारलंत, तेही मला! मी फुशारून सांगितलं, जमिनीचे मोठाले तुकडे असतात, ते सरकतात, एकमेकांना रेटतात. तुम्ही कडक भाकरी ताटात मोडलीत, बोटानं तुकडे सरकवलेत. "आसं व्हय! मंजी ताटावानी सपाट हाय म्हणूनच सरकत्यात की. गोल आसती तर धरणाचं पानी वघळून ग्येलं नसतं व्हय?" तुकड्यांचं तुम्हाला एका घासात कळलं, मला पुस्तकातून कळायला दोन दिवस लागले होते. पण बाकीचं चूक होतं. मी म्हणाले, "व्हय आबा."

ती ताटाची गोष्ट, माझ्या 'व्हय'सकट, तेव्हा शेजारी जेवत बसलेल्या दादानं पुढं आपल्या मुलीला मोठ्या कौतुकानं सांगितली. ती आता सोलापुरात माझ्याकडे राहते, मी भूगोल शिकवते त्याच शाळेत जाते. विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं स्टीलच्या ताटात कडक भाकरीचे तुकडे मांडले. वर चिठ्ठी: 'सपाट पृथ्वीवरही भूपट्ट सरकतात – माझे आजोबा.' मोबाइलवरचे व्हिडिओ होतेच पाठबळाला. शिक्षकखोलीत सगळे म्हणाले, पोरगी हौसेनं करतेय, राहू द्या. मी नाही राहू दिलं. तुमच्या नावानं ती चारचौघांत खोटं मांडणार होती, आणि ते खोटं माझं होतं.

तिला ताटापाशी बसवलं. वर्गातला नकाशा बघून तिनं तुकडे मांडले होते. पॅसिफिकखालचा तुकडा त्या नकाशात दोन्ही कडांना अर्धा-अर्धा येतो. "हा एकच आहे, सगळा एकदम सरकतो. सरकव बघू." तिनं डावीकडचा सरकवला. उजवीकडचा जागचा हलला नाही. "मधी ताटाची कड हाय की आत्या," ती पुटपुटली. मग तेच तुकडे आम्ही कणकेचे करून रबरी चेंडूवर बसवले. दोन अर्धे पाठीमागं एकत्र आले आणि सबंध तुकडा एका बोटानं सरकला. तिचे डोळे भरले. "मग आजोबा खुळं व्हतं व्हय?" "नाही गं. मला माहीत होतं, मीच त्यांना सांगितलं नाही." "का?" "लहान होते," मी म्हणाले.

प्रदर्शनात चेंडू गेला. नवी चिठ्ठी तिनंच लिहिली: 'तुकडे सरकतात – माझे आजोबा. पृथ्वी गोल आहे – मी.'

हा कागद पाठवायला पत्ता नाही, म्हणून इथं तरी खरं लिहिते. 'व्हय' म्हणाले ते लहान होते म्हणून नव्हे. उलट बोलले तर माझी शाळा बंद कराल, ही भीती होती. तुम्ही तसं कधीच म्हणाला नव्हतात, आबा. मीच तुम्हाला तसं धरून चालले होते.